बचत गटाचा हिशेब वहीतून एक्सेलमध्ये न्यायचा आहे, सुरुवात कुठून करू?

कळंबेकरीण
नमस्कार मंडळी. मी कळंब्याजवळ राहते. आमचा महिला बचत गट आहे, १४ जणी, सहा वर्षं झाली. दर महिन्याला प्रत्येकी २०० रुपये, म्हणजे २,८०० जमा होतात. त्यातूनच कुणाला फी, कुणाला दवाखाना, कुणाला म्हशीला पेंड असं कर्ज देतो. व्याज महिना दीड टक्का. हिशेब पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. दोन वह्या भरल्या, तिसरी चालू आहे.

आता सगळ्या मिळून बँकेकडून कर्ज घ्यायचा विचार चाललाय. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, हिशेब एक्सेलमध्ये असला तर आम्हालाही बघायला सोपं जाईल. मुलीचा जुना लॅपटॉप घरी आहे. ती पुण्याला असते, फोनवरून सांगते, पण मी बटण शोधेपर्यंत ती पुढं गेलेली असते.

मी माझ्या मनानं नावं लिहिली, आकडे लिहिले, कॅल्क्युलेटरवर बेरीज केली आणि तीही खाली लिहिली. फोटो पाठवल्यावर मुलगी म्हणाली, "आई, ही वहीच झाली की." मग मी एक आकडा बदलून बघितला. खालची बेरीज हलली नाही. तेव्हा कळलं की माझं काहीतरी मुळातच चुकतंय.

क्लास लावू का? दहावी झालंय माझं, वय ४७. हे घरी बसून जमण्यासारखं आहे का?

पंचगंगा_घाट
ताई, सहा वर्षं १४ जणींचा हिशेब वहीवर चोख ठेवलाय म्हणजे अवघड भाग तुम्हाला येतोच. उरलं ते बटणांचं काम.

शिरोली_सेकंड_शिफ्ट
मी फाउंड्रीत स्टोअरला आहे. मलाही कुणी शिकवलं नव्हतं. आधी तुमच्या बेरजेचं बघू.

प्रत्येक चौकोनाला पत्ता असतो. उभ्या रांगेला अक्षर, आडव्या ओळीला नंबर. तिसरी उभी रांग आणि दुसरी ओळ म्हणजे सी२. मी इथं देवनागरीत लिहितोय, मशीनवर इंग्रजी अक्षरंच टाकायची. समजा १४ जणींचे पैसे सी२ पासून सी१५ पर्यंत आहेत. तर सी१६ मध्ये कॅल्क्युलेटरचं उत्तर न लिहिता =सम(सी२:सी१५) असं लिहा आणि एंटर. 'बरोबर'चं चिन्ह पहिलं आलंच पाहिजे. ते आलं की मशीनला कळतं की हे लिहायचं नाही, करायचं आहे. आता वरचा कुठलाही आकडा बदला, बेरीज आपोआप बदलेल.

सोपी वाट म्हणजे सी१६ वर उभं राहून ऑल्ट दाबून ठेवा आणि 'बरोबर'चं बटण दाबा. बेरजेचा फॉर्म्युला तोच लिहून देतो. पण पहिले दहा-बारा वेळा हातानं लिहा, म्हणजे आत काय चाललंय ते डोक्यात बसेल.

कळंबेकरीण
शिरोली दादा, झालं! २,८०० आलं. एकीचे २०० चे ३०० केले तर २,९०० झालं. मी चार-पाच वेळा नुसतं बदलून बघत बसले.

रंकाळा_सायंकाळ
माझं मत क्लास लावा असं आहे. एमएस-सीआयटीसारखा कोर्स केला तर टायपिंग, फाईल कुठं ठेवायची, प्रिंट कशी काढायची हे सगळं ओळीनं होतं. घरी बसून शिकायचं म्हटलं की दार वाजतं, कुकरची शिट्टी होते, आणि तासाभराचं दहा मिनिटं होतं. क्लासचा तास म्हणजे आपला हक्काचा वेळ. बाईमाणसाला त्याचीच गरज जास्त असते.

उद्यमनगर_लेथ
वेळेचं पटलं. पण मी एका क्लासला तीन महिने फी भरून गेलो होतो. तिथं आधीच तयार केलेल्या फाईलमध्ये रंग भरायला, तक्त्याला चौकट काढायला आणि आलेख काढायला शिकवलं. परीक्षा पास झालो. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपवर मालकांनी कोरी शीट समोर ठेवली, "जॉबचा हिशेब मांड" म्हणाले, आणि मला पहिल्या चौकोनात काय लिहायचं तेच समजेना. मांडणी कुणी शिकवलीच नव्हती. म्हणून माझा सल्ला, क्लास लावला तरी स्वतःची वही घेऊन जा आणि तीच मांडायला मागा. जिथं मांडू देतील तो क्लास चांगला.

कीर्द_खतावणी
मी एका पतसंस्थेत ३१ वर्षं हिशेबाला होतो, आता निवृत्त आहे. उद्यमनगर यांनी 'मांडणी' हा शब्द वापरला, तिथंच सगळं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक्सेलसारख्या रकान्यांच्या तक्त्याला स्प्रेडशीट म्हणतात. हा शब्द संगणकाच्या आधीचा. हिशेबनीस दोन पानांवर पसरलेला रुंद रकान्यांचा कागद वापरत, त्याचं ते नाव. डॅन ब्रिकलिन हार्वर्डला व्यवस्थापन शिकत असताना प्राध्यापक फळ्यावर असाच तक्ता मांडायचे. एक आकडा चुकला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडे खोडून पुन्हा लिहावे लागायचे. हे आपोआप झालं तर, या विचारातून त्यांनी आणि बॉब फ्रँकस्टन यांनी 'व्हिसिकॅल्क' लिहिलं. ते १९७९ साली ॲपल टू संगणकावर आलं. मग १९८३ ला लोटस १-२-३ आलं, आणि १९८५ ला एक्सेल, तेही आधी मॅकिंटॉशवर. कळंबेकरीण ताई २०० चे ३०० करून बघत बसल्या ना, त्याच आनंदासाठी हे यंत्र जन्माला आलंय.

आता मांडणी. आपल्याकडं पूर्वीपासून दोन वह्या असतात. कीर्द आणि खतावणी. कीर्दीत रोजचा व्यवहार जसा झाला तसा, तारखेनं, एकाखाली एक. खतावणीत प्रत्येकाचं खातं वेगळं. कीर्द आधी, खतावणी त्यावरून. नवशिक्या माणसाची गफलत ही होते की तो एक्सेलमध्ये एकदम खतावणी काढायला बसतो. आडव्या ओळीत नाव, पुढं जानेवारी, फेब्रुवारी, मार्च... मग एखादीनं एकाच महिन्यात दोनदा पैसे दिले की लिहायला जागाच नाही. कर्जाची परतफेड कुठं, दंड कुठं, सगळा गोंधळ.

एक शीट कीर्दीची करा. रकाने पाचच ठेवा, तारीख, सभासद क्रमांक, नाव, प्रकार, रक्कम. प्रकारात बचत, कर्ज, परतफेड, व्याज, दंड यांपैकी एक. एक व्यवहार म्हणजे एक ओळ. मध्ये कोरी ओळ नाही, मध्ये बेरीज नाही, महिना संपला म्हणून नवा मथळा नाही. वर्षभर नुसतं खाली खाली लिहीत जायचं. खतावणी मशीन काढून देईल. ती कशी, ते ताईंची कीर्द थोडी भरली की सांगतो.

तांबडा_पांढरा
काका, एकदम पटलं. तांबडा वेगळ्या वाटीत, पांढरा वेगळ्या वाटीत. वाढतानाच मिसळला तर दोन्हीची चव जाते.

शिरोली_सेकंड_शिफ्ट
पण शेवटी भातावर एकत्र येतातच की मर्दा.

तांबडा_पांढरा
ते ज्यानं त्यानं आपापल्या ताटात. ती खतावणी!

कळंबेकरीण
कीर्दीचं वाचून डोळे उघडले. मी नेमकं तेच करत होते, नाव आणि पुढं बारा महिने. जूनमध्ये एकीनं दोन हप्ते एकदम दिले होते, तिथंच अडले होते.

पण त्याआधी एक मागच्या शीटवरचं विचारते. कर्जाची बाकी सी मध्ये आहे, व्याज डी मध्ये काढायचं. दीड टक्के हा दर मी एफ१ मध्ये लिहिला. डी२ मध्ये =सी२*एफ१ लिहिलं. पहिलीची बाकी १०,००० आहे, तिचं व्याज १५० बरोबर आलं. मग मुलीनं सांगितलं तसं कोपरा धरून खाली ओढलं, तर बाकी सगळ्यांचं व्याज शून्य! मी तीन वेळा पुसून केलं.

शिरोली_सेकंड_शिफ्ट
ताई, यात तुमच्या हातून चूक झालेली नाही, मशीननं आपलं काम प्रामाणिकपणे केलंय. फॉर्म्युला खाली ओढला की आतले पत्तेही एकेक ओळ खाली सरकतात. सी२ चं सी३ झालं, ते आपल्याला हवंच होतं. पण एफ१ चंही एफ२ झालं, आणि एफ२ कोरा आहे. कोऱ्यानं गुणलं की शून्य.

एफ१ ला खिळा ठोकायचा. =सी२*$एफ$१ असं. डॉलरचं चिन्ह म्हणजे खिळा. अक्षराआधी ठोकला की उभी रांग हलत नाही, नंबराआधी ठोकला की ओळ हलत नाही. लिहिताना एफ१ वर कर्सर असताना एफ-फोर हे बटण दाबलं की दोन्ही डॉलर येतात. लॅपटॉपवर कधी कधी सोबत एफ-एन दाबावं लागतं.

दर वेगळ्या चौकोनात लिहिला हे फार छान केलंत. उद्या गटानं दर एक टक्का केला तर एकच चौकोन बदलायचा. मी पहिली दोन वर्षं प्रत्येक फॉर्म्युल्यात दर टाकायचो आणि जीएसटी बदलला की दिवसभर फॉर्म्युले उकरत बसायचो.

कळंबेकरीण
खिळा ठोकला. १४ पैकी ९ जणींचं कर्ज आहे, नऊही व्याजं वहीशी जुळली.

गूळसौदा
मी शाहूपुरीत मार्केट यार्डाजवळ गुळाच्या दुकानात हिशेब बघतो. तारखांबद्दल आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर पुढं रडाल.

दिवाळीच्या पाडव्याला सौदे निघाले की आमचा हंगाम. दोन वर्षांमागं मी सगळी आवक एक्सेलला टाकली. तारीख, शेतकरी, रवे, वजन, दर. नोव्हेंबर संपल्यावर तारखेप्रमाणे लावायला गेलो तर पाच नोव्हेंबरचा माल मे महिन्यात जाऊन बसला. मे महिन्यात कुठलं गुऱ्हाळ चालतंय! झालं असं की संगणक अमेरिकन पद्धतीवर होता. तिकडं आधी महिना, मग दिवस. मी ५-११ लिहिलं, त्यानं ११ मे वाचलं. आणि २५-११ लिहिलं की तिकडं पंचविसावा महिनाच नसतो, म्हणून ती तारीख न राहता नुसता मजकूर झाला. म्हणजे निम्म्या तारखा चुकीच्या आणि निम्म्या तारखाच नाहीत. पावत्या काढून एकेक ओळ तपासली, चार रात्री गेल्या.

पहिल्या दिवशीच विंडोजच्या सेटिंगमध्ये रीजनल फॉरमॅट इंग्लिश (इंडिया) करून घ्या. मग दिवस-महिना-वर्ष नीट बसतं, आणि स्वल्पविरामही लाखाच्या हिशेबानं पडतात, १००,००० च्या जागी १,००,००० दिसतं. आधी चुकीच्या बसलेल्या तारखा मात्र त्यानं सुधारत नाहीत, म्हणून आधीच करा.

ओळखायची खूण अशी. चौकोनात काही टाकल्यावर ते आपोआप उजवीकडं चिकटलं तर मशीननं आकडा किंवा तारीख म्हणून घेतलं. डावीकडं चिकटलं तर मजकूर म्हणून घेतलं. तारीख डावीकडं दिसली की थांबायचं.

पंचगंगा_घाट
डावी-उजवी खूण आजवर कुणी सांगितली नव्हती. माझ्या शीटमध्ये काही आकडे डावीकडं का, म्हणून मी त्यांना ओढून उजवीकडं आणत होतो.

गूळसौदा
नुसतं उजवीकडं आणलं तर तो मजकूरच राहतो, फक्त खूण पुसली जाते. २००/- किंवा रु. २०० असं लिहिलं असेल बघा. सम त्याला बेरजेत धरत नाही आणि तक्रारही करत नाही, गुपचूप सोडून देतं. चौकोनात फक्त आकडा टाकायचा. रुपयाचं चिन्ह हवं तर फॉरमॅटमधून द्यायचं.

पंचगंगा_घाट
अगदी तेच होतं. दोन वर्षांची तालमीची वर्गणी अशीच आहे, /- सकट. आज रात्री बसतो.

दूधसंस्था_सचिव
गूळसौदा यांच्यासारखाच धडा मीही घेतलाय. आमच्या गावच्या दूध संस्थेत दर दहा दिवसांनी बिलं निघतात. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग), लिटर, दर. उत्पादकांचे बँक खाते क्रमांक एकदा एक्सेलला भरून घेतले. काही खाती सोळा आकडी होती. एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच संख्या नेमकी धरून ठेवतं, सोळावा आकडा शून्य करतं. ज्यांचा शेवटचा आकडा मुळात शून्य होता त्यांचं बिल खात्यात जमा झालं, बाकीच्यांचे पैसे परत आले. सकाळी सहाला माणसं दारात. त्यातल्या एका बाईंना त्याच दिवशी मुलाची फी भरायची होती. तो चेहरा मला अजून आठवतो.

ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही, म्हणजे खाते क्रमांक, आधार, मोबाईल, ते सगळे मजकूर म्हणून ठेवायचे. रकाना निवडून फॉरमॅट 'टेक्स्ट' करायचा आणि मग भरायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी भरून मग टेक्स्ट केलं तर गेलेला आकडा परत येत नाही. सुरुवातीला शून्य असलेले नंबरही यामुळं टिकतात.

कळंबेकरीण
हे वाचून मी आधी थांबले आणि सगळ्यांचे खाते नंबर पासबुकावरून पुन्हा बघितले. आमची खाती पंधराच्या आतली निघाली. तरी टेक्स्ट करून ठेवलं.

दुसरं, काल मी कुठं गेले कुणास ठाऊक. कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि सगळं कोरं. नावंही नाहीत, काही नाही. बाजूला नुसता भला मोठा नंबर.

उद्यमनगर_लेथ
१०,४८,५७६ होता का? ती शीटची शेवटची ओळ. कंट्रोल आणि खालचा बाण एकत्र दाबले गेले असतील. एक्सेल २००७ च्या आधी शेवट ६५,५३६ वर यायचा, आता साडेदहा लाखांच्या घरात. कंट्रोल आणि होम दाबा, थेट पहिल्या चौकोनावर याल. तुमचं काही पुसलं गेलेलं नाही.

कळंबेकरीण
हो, तोच नंबर! आले परत वर.

लिपीकार
लक्ष्मीपुरीत माझं डीटीपीचं काम आहे. नावं मराठीत लिहिताय ना, मग एक विचारतो, कुठल्या फॉन्टमध्ये? जुन्या लॅपटॉपवर श्रीलिपी किंवा कृतिदेव असेल आणि त्यात लिहीत असाल तर थांबा. त्या जुन्या फॉन्टांत पडद्यावर 'पाटील' दिसतं, पण मशीनच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. नावाप्रमाणे लावायला गेलात तर अकारविल्हे लागणार नाही, आणि दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की नुसता कचरा दिसेल. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच कळणाऱ्या अक्षरांत लिहा, मंगल किंवा निर्मला फॉन्ट चालेल. मग शोधता येतं, लावता येतं, मोबाईलवरही तसंच दिसतं. बँकेच्या मॅडमना फाईल पाठवायची आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय. आकडे मात्र इंग्रजी अंकांतच टाका.

रंकाळा_सायंकाळ
आमच्या ऑफिसात दहा वर्षांची नावं जुन्या फॉन्टात अडकून पडलीत. रूपांतर करून घेतलं तरी जोडाक्षरं फुटतातच. लिपीकार म्हणतात ते ताईंनी पहिल्या दिवसापासून पाळावं.

कळंबेकरीण
मुलीनं मोबाईलसारखं मराठी घालून दिलंय. ते युनिकोड आहे म्हणाली.

दुसरी अडचण. या लॅपटॉपवरचं एक्सेल उघडलं की विकत घ्या, विकत घ्या असं येतंय. त्यासाठी पैसे भरावे लागतील का?

उद्यमनगर_लेथ
गरज नाही. लिब्रे ऑफिस फुकट मिळतं, त्यातलं 'कॅल्क' घ्या. इथं आत्तापर्यंत सांगितलेलं सगळं त्यात चालतं आणि एक्सेलची फाईल उघडते, तशीच साठवताही येते. गूगल शीट्सही फुकट आहे. त्यात मुलगी पुण्यात बसून तुमचीच शीट बघू शकते, तेवढा फोनवरचा गोंधळ कमी.

दूधसंस्था_सचिव
पण शिकायचं लॅपटॉपवरच. मोबाईलवर बोट एकीकडं आणि आकडा भलत्याच्या खात्यात. मोबाईल फक्त बघायला.

कीर्द_खतावणी
ताईंची कीर्द आता बरीच भरली असेल. खतावणीकडं वळू.

नवीन शीटवर ए रकान्यात सभासद क्रमांक १ ते १४ लिहा. शेजारी नाव. मग बचत, परतफेड असे रकाने. प्रत्येक ठिकाणी 'सम-इफ्स' हा फॉर्म्युला. त्याला आपण सांगतो की कीर्दीतल्या रकमेच्या रकान्याची बेरीज कर, पण फक्त त्या ओळींची जिथं सभासद क्रमांक हा आहे आणि प्रकार 'बचत' आहे. एकच अट असेल तर 'सम-इफ', अनेक असतील तर 'सम-इफ्स'. सम-इफ्समध्ये बेरजेचा रकाना आधी सांगायचा, अटी नंतर. कीर्दीत नवी ओळ पडली की खातं आपोआप पुढं सरकतं. आम्ही ज्याला रात्री अकरापर्यंत बसायचो ते काम हेच.

अट लावताना नाव वापरू नका, क्रमांक वापरा.

कळंबेकरीण
ते का काका? आम्हाला नावानं सवय आहे.

कीर्द_खतावणी
एकदा 'पाटील' आणि एकदा 'पाटिल' लिहिलंत तर मशीनच्या दृष्टीनं त्या दोन बायका. नावापुढं चुकून एक मोकळी जागा पडली तरी तिसरी बाई. डोळ्याला दिसत नाही आणि तिची रक्कम बेरजेतून गळते.

कळंबेकरीण
कळलं. शिवाय आमच्या गटात चार पाटील आहेत, आणि त्यातल्या दोघींचं पहिलं नावही एकच. क्रमांकच बरा.

कीर्द_खतावणी
आणि ताळा करायचा. खतावणीतल्या सगळ्या बचतीची बेरीज आणि कीर्दीतल्या सगळ्या बचतीची बेरीज शेजारी शेजारी ठेवा, तिसऱ्या चौकोनात वजाबाकी. शून्य आलं पाहिजे. शून्य नसेल त्या दिवशी उठायचं नाही.

वही मात्र बंद करू नका. निदान तीन महिने दोन्हीकडं लिहा.

शिरोली_सेकंड_शिफ्ट
काका, इथं मी तुमच्याशी सहमत नाही. दोन्हीकडं लिहायचं म्हणजे दुप्पट काम. माणूस कंटाळतो आणि परत वहीवरच जातो. आमच्या स्टोअरमध्ये असंच दोनदा झालं. तिसऱ्यांदा रजिस्टर कपाटात ठेवून किल्ली साहेबांना दिली, तेव्हा कुठं सगळे शिकले.

दूधसंस्था_सचिव
स्टोअरमधला माल बोलत नाही, सभासद बोलतात. वहीत सही असते. ती सही कॅल्कमध्ये कुठं घेणार?

कळंबेकरीण
दादा, तुमचं कामाचं खरं आहे, रात्री डोळे दुखतात. पण वही मी सोडणार नाही. आमच्या दोघी-तिघींना लिहिता येत नाही, त्या अंगठा करतात. बैठकीत वही मध्ये ठेवली की प्रत्येकीला वाटतं, माझे पैसे इथं आहेत. लॅपटॉप बघून एक मावशी म्हणाल्या, "ह्यात माझं दोनशे कुठं दिसतंय ते दाव." मी फिल्टर लावून फक्त त्यांच्या ओळी दाखवल्या. त्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवत गेल्या. पडद्यावर हळदीचे ठसे उमटले, ते मी पुसले नाहीत त्या रात्री.

शिरोली_सेकंड_शिफ्ट
मागं घेतो माझं म्हणणं. वही राहू दे.

रंकाळा_सायंकाळ
फिल्टर लावलात हे उत्तम. क्रम लावताना मात्र फक्त नावाचा रकाना निवडून लावू नका. 'निवड वाढवू का' असं विचारतं, त्याला हो म्हणा. नाहीतर नावं हलतात आणि रकमा जागच्या जागी राहतात, एकीचं कर्ज दुसरीच्या नावावर. असं झालंच तर लगेच कंट्रोल झेड दाबा, केलेलं मागं फिरतं. आणि मथळ्यासाठी चौकोन एकत्र जोडू नका, क्रम लावताना तेही आडवे येतात.

तांबडा_पांढरा
धागा जपून ठेवलाय. आईच्या भिशीसाठी.

कळंबेकरीण
तीन आठवड्यांनी येतेय. सहा वर्षांचं सगळं भरलं नाही, या आर्थिक वर्षाचं भरलं. सकाळी डबे झाल्यावर एक तास आणि रात्री एक तास. क्लास लावला नाही, पण रंकाळा ताईंचं ऐकून तास ठरवून घेतला आणि घरात सांगून टाकलं की या वेळात मला हाक मारायची नाही.

खतावणी निघाली. मशीनमधली बाकी मी वहीतल्या बाकीशी ताडून बघितली, तर परतफेडीत ३०० चा फरक. मला वाटलं माझाच फॉर्म्युला चुकला. खिळे तपासले, डावी-उजवी तपासली, मोकळ्या जागा तपासल्या. सगळं ठीक. मग वही उघडली.

ऑगस्टच्या बैठकीत एकीनं ७५० रुपये परत केले होते. कीर्दीच्या पानावर ७५० आहे, तिची सही आहे. तिच्या खात्याच्या पानावर उतरवताना मी ४५० लिहिलं. मशीननं कीर्दीवरून बेरीज केली म्हणून खरा आकडा आला. वहीत तिची बाकी ३०० नं जास्त राहिली, आणि त्या जास्तीच्या ३०० वर मी तिच्याकडून पाच महिने व्याज घेत होते. महिन्याला साडेचार रुपये. साडेबावीस रुपये.

ती शेतमजुरीला जाते. तिनं कधी विचारलं नाही, कारण मी लिहिते ते बरोबरच असणार असा तिचा विश्वास. मला त्या रात्री झोप लागली नाही. काल बैठकीत सगळ्यांसमोर दोन्ही पानं दाखवली, बाकी दुरुस्त केली आणि २२ रुपये ५० पैसे तिच्या हातात दिले. तिनं पैसे मोजून कनवटीला लावले आणि म्हणाली, "वैनी, आता मागच्या सालाचं बी त्यात घाला."

सगळ्यांनीच ते उचलून धरलं. आता मागची पाच वर्षं भरायची ठरलंय. आणखी दोघी शिकायला बसणार आहेत माझ्याशेजारी.

कीर्द_खतावणी
ताई, ३१ वर्षांत मी अशा चुका दाबलेल्याही पाहिल्या आहेत. तुम्ही दोन्ही पानं मध्ये ठेवलीत. नमस्कार करतो.

गूळसौदा
मागची वर्षं भरताना तारखेत वर्ष पूर्ण लिहा. दिवस-महिना एवढंच लिहिलं तर ते चालू वर्ष धरतं.

कळंबेकरीण
बरं झालं सांगितलंत, मी आज तशीच सुरुवात करणार होते.

शेवटचं एक विचारते. बँकेच्या मॅडमसाठी प्रिंट काढली तर पहिल्या पानावर मथळे आहेत, दुसऱ्या पानापासून नुसते आकडे. कुठला रकाना कशाचा ते कळत नाही. कॅल्क नाही, शेजारच्या मुलाच्या एक्सेलवरून काढतेय.

शिरोली_सेकंड_शिफ्ट
'पेज लेआउट'मध्ये 'प्रिंट टायटल्स' आहे. त्यात 'वर पुन्हा छापायच्या ओळी' विचारतं, तिथं पहिली ओळ निवडा. प्रत्येक पानावर मथळा येईल.

कळंबेकरीण
आला. चार पानं झाली. सहीला उद्या सगळ्या जमतायत.